बिननावाचा चेक

सेंट ओडील गावात कुणाचं काही लपून राहत नाही. कुणाच्या घरी सुक्या आलुबुखारांची पाई भट्टीत करपली, कुणाचा ट्रॅक्टर हप्त्यावर आहे, कोण रविवारी चर्च चुकवून मासे धरायला गेलं होतं, हे सोमवारी सकाळी पोस्टाच्या खिडकीपाशी नुसतं उभं राहिलं तरी कळतं. अशा गावात कुणीतरी बावीस हजार डॉलर्स दान केले आणि ते कोण, हे कुणालाच कळू नये, म्हणजे हद्दच झाली.

चेक आला लुसील जॅडिनच्या हातात, कारण गावाच्या अँब्युलन्स मंडळाची खजिनदार तीच. पाकीट दूरच्या कुठल्याशा शहरातल्या गुंतवणूक कंपनीचं होतं. आत यंत्राने छापलेला चेक आणि ‘आमच्या ग्राहकाच्या वतीने’ एवढी एक ओळ. ना नाव, ना पत्ता, ना कुणाच्या स्मरणार्थ. लुसीलने चेक उजेडात धरला, उलटा केला, पाकिटात फुंकर मारून आत पुन्हा डोकावून पाहिलं. काही नाही.

लुसील सत्तरीची. शाळेच्या कचेरीत तिने आयुष्य काढलं होतं, आणि दारावर कोण आलंय हे ती अजून गाडीच्या आवाजावरून सांगते. लोक तिला भोचक म्हणतात. ती स्वतः त्याला काळजी म्हणते. काही का असेना, तिने तडक कंपनीला फोन लावला.

“मॅडम, नाव सांगता येणार नाही,” पलीकडचा तरुण म्हणाला. “ग्राहकानं नाव कळवायच्या चौकटीत खूण केलेली नाही.”

“अरे, पण मी आभार कुणाचे मानू?”

“ते… सगळ्यांचेच माना.”

“सगळ्यांचे? आमच्या गावातल्या सगळ्यांना ओळखतोस का तू?”

पोरगा बिचारा हसला आणि जरा मवाळ झाला. हे पैसे कुणाच्यातरी निवृत्तीच्या खात्यातले आहेत, एवढं त्याने सांगितलं. त्र्याहत्तरी गाठली की त्या खात्यातून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते, आणि काढली की टॅक्स आलाच. मात्र ती खात्यातून परस्पर धर्मादाय संस्थेला गेली, तर टॅक्स नाही. वयाची साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही असं देता येतं.

“म्हणजे म्हातारं माणूस आहे,” लुसील म्हणाली.

“मी तसं काही म्हटलेलं नाही, मॅडम. पण एक सांगतो, त्यांना तुमचं पत्र लागेल. पैसे पोचले आणि त्या बदल्यात आम्ही काहीही दिलं नाही, असं. काहीही म्हणजे जेवणाचं कूपनसुद्धा नाही. दिलं तर सवलत गेली. आणि पत्रच नसेल तरी गेली.”

“आणि नाव माहीत नसेल तर पत्र पाठवायचं कुणाला?”

“हा प्रश्न आम्हाला बऱ्याच संस्था विचारतात,” तो खिन्नपणे म्हणाला.

झालं. लुसीलच्या डोक्यात किडा शिरला. कुणीतरी एवढी रक्कम दिली, त्या रकमेने अँब्युलन्स घ्यायचं मंडळाचं इतक्या वर्षांचं घोडं गंगेत न्हालं, आणि त्याच माणसाने आता केवळ लुसीलला त्याचं नाव कळलं नाही म्हणून हजारो डॉलर्स टॅक्स भरायचा? हे तिला पटेना. माणूस शोधायचा आणि वर्ष संपायच्या आत पत्र त्याच्या हातात द्यायचं, असं तिने ठरवलं.

पहिला संशय अर्थातच ड्वेनवर गेला. ड्वेन शेतीची अवजारं विकतो, आणि गावात जे काही चांगलं घडतं त्याच्या मागे आपणच असल्यासारखा चेहरा करून बसतो. बातमी फुटल्यापासून तर त्याला रोज कुणी ना कुणी कॉफी पाजत होतं.

“ड्वेन, तू दिलेस का रे पैसे?” लुसीलने उपाहारगृहात सगळ्यांदेखत विचारलं.

ड्वेनने छातीवर हात ठेवला. “काही गोष्टी बोलायच्या नसतात, लुसी.”

“तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होतास ना?”

“हो. का गं?”

“ती अजून पासष्टची नाही. हे पैसे ज्यानं दिले तो साडेसत्तरच्या वरचा आहे. आतापर्यंत प्यालेल्या सगळ्या कॉफ्यांचे पैसे दे बघू.”

लोक टेबलं बडवून हसले. ड्वेन म्हणाला, “मी कधी म्हटलं मी दिले म्हणून?” आणि ते खरंच होतं. त्याने म्हटलं नव्हतंच.

पण ड्वेन गळाला म्हणून दुसरं कुणी सापडलं असं नाही. लुसील आणि तिची मैत्रीण आर्लीन गाडीत बसून गावभर फिरल्या. सत्तरीपुढचा प्रत्येक माणूस त्यांनी सुनेच्या चौकशीपासून सुरू करून निवृत्तीच्या खात्यापर्यंत आणला. एकीने तर खातं म्हणजे काय तेच विचारलं. एक म्हातारा म्हणाला, माझ्याकडे बावीस हजार असते तर मी फ्लोरिडात असतो. आर्लीन दमून गेली.

“सोडून दे ना, लुसी. ज्यानं दिले त्यालाच सांगायचं नाही.”

“का नाही सांगायचं? आपल्या गावात कुणी केक दिला तरी त्याचं ताट रिकामं परत जात नाही. आणि ह्यानं तर अख्खी गाडी दिली.”

“तुला आभार मानायचेत, की तुला राहवत नाहीये?”

“दोन्ही,” लुसील म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही.

ही गाडी लुसीलच्या जिवाला का लागली होती, हे मात्र गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एप्रिलच्या गावसभेत ठराव आला होता: टॅक्स थोडा वाढवायचा आणि गावाची स्वतःची अँब्युलन्स ठेवायची. आमच्याकडे असे ठराव हात वर करून होतात, म्हणजे कोण कुठे उभं आहे ते सगळ्यांना दिसतं. ठराव एका हाताच्या फरकाने पडला. विरोधातले हात पुष्कळ होते, पण पहिल्या रांगेतला सगळ्यात उंच हात होता नॉर्बर्ट जॅडिनचा. लुसीलच्या नवऱ्याचा, गिल्बर्टचा, सख्खा थोरला भाऊ. “शहरातली येते की!” नॉर्बर्ट सभेत गरजला होता. “माझे पैसे काय झाडाला लागतात?”

त्याच वर्षी हिवाळ्यात गिल्बर्ट गोठ्यात कोसळला. शहरातली अँब्युलन्स आली, बर्फातून वाट काढत आली, पण ती येईपर्यंत गिल्बर्ट गेला होता. डॉक्टर म्हणाला, जरा आधी पोचला असता तर वाचला असता. डॉक्टरांनी असं बोलू नये. ते वाक्य लुसील सहा वर्षं उशाला घेऊन झोपत होती. दफनाच्या दिवसापासून ती नॉर्बर्टशी एक अक्षर बोलली नव्हती. शेताला शेत लागून, चर्च एक, आडनाव एक. तो डावीकडच्या बाकावर बसायचा, ती उजवीकडच्या.

गावाने टॅक्स नाकारला म्हणून मग मंडळ निघालं, आणि मंडळ म्हणजे बूया, आमच्याकडचा दाट रस्सा. दर सप्टेंबरात चर्चच्या मैदानात मोठमोठे लोखंडी हंडे चढतात. कोंबडी, गाईचं शेपूट, कोबी, गाजर, बटाटे, वाटाणे सगळं एकत्र रटरटत राहतं, होडीचं वल्हं शोभेल अशा लाकडी पळीने कुणीतरी ते ढवळत राहतं, आणि लोक घरून डबे घेऊन रांग लावतात. डब्यामागे पैसे. ज्याने राबून किंवा देऊन मंडळाला हातभार लावला, त्याचा डबा मात्र फुकट. हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. फुकटचा डबा नाकारणं म्हणजे स्वयंपाक्याच्या तोंडावर त्याची पळी फेकण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठा हंडा जॅडिनांच्या आजोबांचा, आणि तो नॉर्बर्टच्या खळ्यात असतो. म्हणून दरवर्षी नॉर्बर्ट रांगेत सगळ्यांच्या आधी, दोन डबे घेऊन, एक सेंट न देता. आणि नॉर्बर्टची चिकटाई काय वर्णावी! कागदाच्या गिरणीत जन्मभर काम केलं, लग्न केलं नाही, कारण दोन माणसांना दोन खुर्च्या लागतात असं लोक म्हणायचे. त्याचा पिवळा कोट त्याच्या बापाचा होता. टॅक्स हा शब्द ऐकला तरी त्याचं जबड्याचं हाड हलायचं.

ह्या वर्षी लुसील त्याच मोठ्या हंड्यावर होती. ऊन छान पडलं होतं, वाफेने तिचा चष्मा सारखा धुरकट होत होता, आणि ती पळी फिरवता फिरवता रांगेतल्या प्रत्येक पांढऱ्या डोक्याकडे बघत होती. तो असेल? ती असेल? तेवढ्यात पैशाच्या टेबलावरून आर्लीन धावतच आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“लुसी, जग बुडणार आज! नॉर्बनं पैसे दिले!”

“कसले पैसे?”

“बूयाचे! एकच डबा घेऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. मी म्हटलं, अरे हंडा तुझा, तुझे कसले पैसे. तर म्हणतो, घे. मी म्हटलं, फुकट आहे, नॉर्ब! तर टेबलावर हात आपटून म्हणतो, फुकट नको म्हटलं ना, मला तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. आणि पावती मागितली! मला वाटतं डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं.”

आसपासचे सगळे हसले. लुसीलही हसणार होती. पण हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं, कारण फोनवरच्या त्या पोराचं बोलणं तिला आठवलं. काहीही म्हणजे जेवणाचं कूपनसुद्धा नाही.

फुकटचा डबा नाकारायचं कारण अख्ख्या गावात एकाच माणसाला असू शकत होतं. आणि नॉर्बर्ट शहात्तरचा होता.

“ए लुसी! तळाला लागतंय!” शेजारच्या हंड्यावरून कुणीतरी ओरडलं. तिच्या हातातली पळी केव्हाची थांबली होती.

तिला आधी आला तो राग. आभार वगैरे दूरच राहिले. सहा वर्षांपूर्वी हात वर केलास, आणि आता चेक पाठवतोस? माझ्या नवऱ्याची किंमत लावलीस का? ती घरी आली, खजिनदाराच्या टेबलाशी बसली आणि तिने ठरवलं की पत्र नाही द्यायचं. टॅक्स नको म्हणून हात वर केलास ना, मग टॅक्स भर म्हणावं आता. पुरता भर. ह्या विचाराने तिला जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं काही वाटलं नाही.

आणि शिवाय तो किडा होताच. कर वाचवायला पैसे दिले म्हणावं, तर मग नाव का नाही घातलं? पत्राशिवाय सवलत नाही हे नॉर्बर्टसारख्या माणसाला माहीत नसणं शक्यच नव्हतं. टॅक्सच्या बाबतीत त्याने एकही ओळ न वाचता सोडली नसती. मग? लुसीलने स्वतःला दोन-तीन दिवस खूप सांगून पाहिलं की आपल्याला काय करायचंय. चौथ्या दिवशी दुपारी तिने पत्र टाइप केलं, सहीची जागा कोरी ठेवली, आणि गिल्बर्ट गेल्यानंतर पहिल्यांदाच शेताच्या कडेची ती पायवाट धरली.

नॉर्बर्ट लाल विटांच्या घराच्या मागच्या दारात सफरचंदं निवडत बसला होता. तिला बघून तो उठला आणि उठल्यावर काय करायचं ते न सुचून तसाच उभा राहिला.

“तूच ना तो?” लुसील म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“कोण मी?”

“नॉर्ब, माझ्याशी वेडेपणा करू नकोस. बूयाचे पैसे का दिलेस?”

त्याने हातातल्या सफरचंदाचा किडका भाग अंगठ्याने खरवडला. “आर्लीनच्या तोंडाला झाकण नाही.”

“नाहीच आहे. बोल.”

“दरवर्षी काढावेच लागतात त्या खात्यातले. तीन वर्षं काढले, टॅक्स भरला, उरलेले दुसऱ्या बँकेत नेऊन टाकले. ह्या वर्षी म्हटलं, परस्पर मंडळाला जाऊ दे.”

“टॅक्स वाचवायला.”

“थोडं त्यासाठीही,” तो म्हणाला. जॅडिनांना खोटं बोलता येत नाही, निदान हा दोष दोन्ही भावांत सारखा होता.

“खोटं! टॅक्स वाचवायचा असता तर नाव घातलं असतंस. पत्राशिवाय तुला पूर्ण टॅक्स पडणार, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“जे पैसे तुझ्या हातातही आले नाहीत, त्यांच्यावर?”

“माहीत आहे म्हटलं ना!” त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “नाव घातलं असतं तर तू चेक परत पाठवला असतास.”

खरंच होतं. पाठवला असता. फाडून पाठवला असता. नॉर्बर्ट जॅडिन, जो एका सेंटसाठी दुकानदाराशी तासभर वाद घालायचा, तो हजारो डॉलर्स टॅक्स मुकाट्याने भरायला बसला होता, का, तर तिने चेक ठेवून घ्यावा म्हणून. तिने कितीही मनात आणलं तरी ह्या गोष्टीवर रागवायला तिला जागा सापडेना.

“मग बूया का नाही घेतलास फुकट?” ती शेवटी म्हणाली. “पत्र मिळणारच नव्हतं तुला. एक डबा घेतला असतास तर काय बिघडलं असतं? मी डोकं फोडून मेले असते तरी मला कळलं नसतं.”

“फोनवरचा माणूस म्हणाला, बदल्यात काही घ्यायचं नाही, नाहीतर ती देणगी राहत नाही. मी म्हटलं, बाबा, ते सोपं आहे. तिथं मला काही देणारं कुणी नाही.” त्याने सफरचंद टोपलीत टाकलं, पुन्हा बाहेर काढलं. “तो टॅक्सबद्दल बोलत होता. पण मला ते पटलं. परत काही घेतलं तर दिलं असं होत नाही, लुसी.”

“आणि सभेत? तेव्हा का नाही पटलं?”

ते सफरचंद त्याने पायरीवर ठेवलं. मग म्हणाला, “सभेत कळलं नाही. गिल्बर्ट गेला त्या दिवशी तू आत होतीस. गोठ्यात, त्याच्यापाशी. मी रस्त्यावर उभा होतो, अँब्युलन्सला वळण दिसावं म्हणून कंदील घेऊन. तू गिल्बर्टला बघत होतीस. मी रस्ता बघत होतो. रिकामा रस्ता.” त्याचा जबडा हलला. “अजून बघतो.”

लुसीलला वाटत होतं, त्या दिवसाची ती एकटीच मालकीण आहे. दुसरं कुणीतरी तोच दिवस सहा वर्षं उराशी धरून शेजारच्याच शेतात राहत होतं, आणि गावातल्या सगळ्यांचं सगळं माहीत असलेल्या बाईला एवढंच माहीत नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

मग तिने डोळे पुसले आणि पर्समधून पत्र काढलं.

“पेन दे.”

“कशाला? मी पत्र मागितलेलं नाही.”

“पेन दे, नॉर्ब.”

त्याने खिशातून पेन्सिलीच्या थोटकांमधून शोधून एक पेन काढलं. लुसीलने दाराच्या चौकटीवर कागद टेकवला आणि मोठ्याने वाचलं: “ह्या देणगीच्या बदल्यात देणगीदाराला मंडळाकडून कोणतीही वस्तू किंवा सेवा देण्यात आलेली नाही.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “खरं आहे?”

“अगदी खरं.”

तिने सही केली, तारीख घातली, कागद त्याच्या हातात दिला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला आणि वाचायचं सोडून नुसता धरून राहिला.

“आता हे संपलं,” लुसील म्हणाली. “सही आधी झालेली आहे, नीट लक्षात ठेव. आता मी जे देते त्याचा त्या चेकशी काडीचाही संबंध नाही. मी तुला माफ केलं, नॉर्बर्ट. आता हो बाजूला, आणि मला आत येऊ दे.”